गार इंजिन आणि बाईंची वही

बाईंनी मला एकदा एक सरळ प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. उत्तर एकाच शब्दाचं होतं. ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि ती तर त्या वेळी वरच्या गॅलरीत उभी राहून सगळं ऐकत होती. आता माझी पन्नाशी उलटून गेली. तसाही मी कमी बोलणारा माणूस, पण न बोलण्याचंही एक वय असतं, ते माझं संपलं असं वाटतं. मी काय केलं ते सांगतोच. मात्र आधी बाई कशा होत्या ते सांगू द्या, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात.

जबलपूरच्या विजय नगर कॉलनीत त्यांचं घर. खाली त्या एकट्या, वर भाड्याने आम्ही दोघं. मी मूळचा सौंसरचा, नोकरी गावाबाहेर खमरियाच्या सरकारी कारखान्यात. बाई पक्क्या जबलपूरच्या. "आमच्या घराण्यातला कोणीतरी भोसल्यांच्या चाकरीत इकडे आला आणि परत जायचं विसरला," असं त्या सांगायच्या. "तेव्हापासून घरात विसरण्याचा कोटा संपला. मी काही विसरत नाही." पस्तीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, सगळं हिंदीतून. कॉलनी त्यांना दीदी म्हणायची. आम्ही मराठी लोक बाई म्हणायचो. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्या सत्तरीच्या जवळ होत्या, आणि ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे तेव्हा पंचाहत्तरीच्या.

त्यांचा एकच नियम होता आणि तो त्या सगळ्या जगाला लावायच्या. एका वेळी एकच बदल.

पहिल्या महिन्यातच मला त्याची चव मिळाली, अगदी खरोखरची चव. त्यांचा उपमा बिघडला होता. कडवट लागायचा. दुसऱ्या कोणी रवा, तेल, मोहरी सगळं नवीन आणलं असतं. बाईंनी सोमवारी फक्त रवा बदलला. कडू. मंगळवारी जुनाच रवा आणि नवीन तेल. कडू. बुधवारी कढीपत्ता दुसऱ्या झाडाचा. रोज सकाळी एक वाटी वर आमच्याकडे यायची, कारण चवीला दुसरा साक्षीदार हवा. माझी बायको म्हणाली, "बाई, सगळंच बदलून टाका ना, काहून त्रास करून राहिल्या?" बाई म्हणाल्या, "सगळं बदललं तर उपमा चांगला होईल, पण कडू काय होतं ते कधीच नाही कळणार. मग ते पुन्हा घरात येईल, आणि आपण त्याला ओळखणार नाही." सहाव्या दिवशी सापडलं. मोहरीत कसलंतरी रानटी बी मिसळलेलं होतं. बाई ते चार दाणे कागदाच्या पुडीत घालून दुकानात घेऊन गेल्या आणि त्या दुकानदाराची सगळी गोणी निवडायला लावली. दुकानदार नंतर अभिमानाने सांगायचा, हमारी राई दीदी की पास की हुई है.

माझं डोकं दुखायचं. दोन वर्षं दुखत होतं. डॉक्टरांनी चष्मा बदलला, चहा बंद केला, गोळ्या दिल्या, सगळं एका दमात. बाईंनी चहा परत सुरू करायला लावला. "आधी जुन्या जागी या, मग एक एक पाऊल." पाच आठवडे त्यांनी मला चालवलं. शेवटी निघालं काय, तर उशी. कापूस एका बाजूला गोळा झालेली ती उशी मी लग्नात मिळालेली म्हणून टाकत नव्हतो. त्या दिवसापासून माझं डोकं दुखलेलं नाही. एकदाच दुखलं, ते पुढे येईल.

हे सगळं ऐकून लोक हसायचे. मीही हसायचो. पण मनातून मला त्यांचा फार अभिमान वाटायचा, जसा आपल्या गावच्या नदीचा वाटतो, आपण काही न करता. ऑफिसात कोणी म्हणालं की अमुक मशीन का बंद पडतं कळत नाही, तर मी म्हणायचो, आमच्या बाईंना विचारा.

आता गाडी. यजमानांची गाडी होती. पांढरी, छोटी, कार्बोरेटरवाली, तेव्हाच अठरा-एकोणीस वर्षांची. बाई ती स्वतः चालवायच्या, हळू पण ठाम. भाजी, बँक, आणि महिन्यातून एकदा भेडाघाटच्या रस्त्यावर थोडी दूर, "इंजिनाला मोकळी हवा दाखवायला." त्या हिवाळ्यात गाडीला एक रोग झाला. सकाळी गार असताना सुरू केली की जागेवर उभ्या उभ्या थरथरायची, गचके खायची, कधी कधी बंदच पडायची. आठ-दहा मिनिटं चालू राहिली की एकदम शहाणी. मग दिवसभर काही नाही.

रिछाईला, कारखान्यांच्या भागात, त्यांचा नेहमीचा मिस्त्री होता, सात वर्षांपासूनचा. बाई गाडी त्याच्याकडे घेऊन गेल्या. विजय नगरहून रिछाईला पोचेपर्यंत गाडी गरम. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, रेस दिली, कान लावला.

"गाड़ी तो मक्खन है दीदी."

"भैया, सुबह देखो तो पता चले."

"सुबह तो दुकान बंद रहती है दीदी. छोड़ जाओ, प्लग, फिल्टर, केबल, सब नया डाल देता हूं."

"सब एक साथ डालोगे तो मालूम कैसे पड़ेगा कि बीमारी कौन सी थी?"

"मालूम करके क्या करना है दीदी. ठीक हो गई, बस."

बाईंनी चावी उचलली आणि गाडी परत आणली. संध्याकाळी मला म्हणाल्या, "रोगी घरी आजारी पडतो आणि वैद्याच्या दारात पोचेपर्यंत बरा होतो. म्हणजे वैद्यानेच घरी राहायला पाहिजे. चलो, वैद्य मीच."

अडचण अशी होती की गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी पहिल्यांदा सुरू करताना जे काय दिसेल ते दिसेल. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत थांबा. दुसऱ्या कोणाला हा ताप वाटला असता. बाईंच्या नियमाला ही गाडी जणू मुद्दाम बनवलेली होती. दिवसाला एक परीक्षा, दिवसाला एक बदल.

त्यांनी लांब पानांची वही काढली आणि पहिल्या पानावर आठ संशयितांची यादी केली. बॅटरीची टोकं. प्लग. प्लगच्या वायरी. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत दवाची ओल. एअर फिल्टर. चोकची केबल. टॅपेट. आणि आठवी ओळ अशी होती: "चोरटी हवा. कार्बोरेटरच्या बुडाशी गॅस्केट. धातू गार असताना फट, गरम झाल्यावर फट बंद? ओलं फडकं दाबून पाहणे." मी विचारलं, चोरटी हवा म्हणजे काय. म्हणाल्या, "इंजिनाला हवा पुढच्या दाराने मोजून मिळते. मागच्या खिडकीतून कोणी न मोजता आत आली, तर पेट्रोलाचं आणि हवेचं गणित बिघडतं."

संध्याकाळी पाचच्या उजेडात त्या शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना पांढरा कोट चढवायच्या आणि यजमानांचे पाने घेऊन एक बदल करायच्या. मी खमरियाहून आलो की उजेडासाठी हातातली बॅटरी धरून उभा राहायचो. सकाळी साडेपाचला त्या चालत दूध आणायला जायच्या, सहाला परत. मग दाराशी टांगलेल्या थर्मामीटरवरचं तापमान लिहायच्या, डॅशबोर्डवर पाण्याने भरलेली स्टीलची वाटी ठेवायच्या, चोक खुणेपर्यंत ओढायच्या आणि चावी फिरवायच्या. तीन मिनिटं पायाने काही दाबायचं नाही, फक्त वाटीकडे पाहायचं. पाणी स्थिर, तर "शांत". काठाशी शहारलं, तर "कुरकुर". मधोमध वर्तुळं उठली, तर "थरथर". पाणी बाहेर सांडलं, तर "आदळआपट". चारच शब्द. वहीत पाचवा शब्द सापडला नसता.

आणि बदलाने फरक पडला नाही, तर संध्याकाळी जुनं सामान जसंच्या तसं परत. नवे प्लग काढून त्यांनी जुने लावले तेव्हा मिस्त्री काहीतरी निमित्ताने इकडे आला होता. कपाळाला हात लावून म्हणाला, "दीदी, नया निकाल के पुराना कौन लगाता है?" बाई म्हणाल्या, "जिसको सच चाहिए."

मुलाचं सांगायचं राहिलं. मुलगा वाईट नव्हता. आईची काळजी करणारा, दर रविवारी फोन करणारा. पण दोन वर्षांपासून त्याचं एकच पालुपद होतं, आई, तू एकटी राहू नकोस, पुण्याला ये, तुझं आता वय झालं, तू विसरतेस. बाईंना बाकी सगळं चालायचं, "विसरतेस" चालायचं नाही. त्या डिसेंबरात तो चार दिवसांसाठी आला, आणि आल्या दिवशी संध्याकाळी खालच्या जेवणाच्या टेबलावर विषय निघाला. मी पण होतो, बाईंनी मला गाजराचा हलवा खायला बोलावलं होतं.

मुलगा म्हणाला, "आई, मागच्या महिन्यात तू मला एकच गोष्ट फोनवर दोनदा सांगितलीस."

"दोनदा सांगितली कारण पहिल्यांदा तू ऐकून नाही राहिला होतास."

"बरं. पण ही गाडी. थंडीत, धुक्यात, या वयात तू तिच्याखाली डोकं घालतेस. सकाळी चौकात बंद पडली तर?"

"सापडेल. पाच झाले. आज सहावा केला, चोकची केबल ताणली. उद्या सकाळी पाहू."

"आणि नाही सापडलं तर? किती दिवस हे लिहीत बसणार? लिहिलेलं तरी बरोबर आहे कशावरून?"

बाईंनी चमचा खाली ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाल्या, "ऐक. माझे गुडघे दुखतात, कान कमी झाला, हे सगळं मान्य. पण माझी नोंद चुकत नाही. ज्या दिवशी माझी नोंद चुकेल, त्या दिवशी तू म्हणशील तिथे येऊन राहीन. भाऊंच्या समोर सांगते."

भाऊ म्हणजे मी. मी साक्षीदार होतो. नीट ऐकलं होतं मी.

रात्री झोप लागली नाही म्हणणार नाही, लागली. पण पाचलाच जाग आली. बाहेर कडाक्याची थंडी. मला एकच दिसत होतं. मुलगा शेजारी उभा आहे, बाई चावी फिरवताहेत, गाडी उड्या मारतेय, वाटीतलं पाणी त्यांच्या साडीवर सांडतंय, आणि मुलगा हाताची घडी घालून पाहतोय. ते मला पाहवलं नसतं. गाडी फाटकाबाहेर लावायची असली तर मीच लावायचो, म्हणून दुसरी चावी जिन्यातल्या खिळ्याला असायची. बाई दुधाला गेल्या. मुलगा मागच्या खोलीत दार लावून झोपलेला. मी खाली उतरलो आणि गाडी सुरू केली.

तिने नेहमीसारखी आदळआपट केली. म्हणजे केबलने काही फरक पडला नव्हता, हे जगात फक्त मला कळलं. मी हळू रेस देत तिला दहा मिनिटं चालू ठेवली. शांत झाली तशी बंद केली. चावी खिळ्याला लावली. एवढंच झालं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो, असं मला वाटतं.

वर जायला वळलो तर दिसलं, गाडीच्या छतावर दव दाट बसलेलं आणि बॉनेट कोरडं ठाक. इंजिनाच्या उष्णतेने सगळं दव उडालेलं. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नसतं. मी अंगणातल्या नळाखाली ओंजळ धरली आणि बॉनेटवर पाणी शिंपडलं. दोनदा. बोटांनी पसरवलं, दवासारखं दिसावं म्हणून. पाणी इतकं गार होतं की बोटं वाकेनात. चावी फिरवली तेव्हा मी एका म्हाताऱ्या बाईची लाज राखत होतो. पाणी शिंपडलं तेव्हा मी त्यांना फसवत होतो. दोन्हींच्या मध्ये एक मिनिटसुद्धा गेलं नव्हतं.

सहाला बाई आल्या. मुलगा शाल पांघरून बाहेर आला, मी वरून उतरलो, बायको गॅलरीत. थर्मामीटर, वाटी, चोक, चावी. पाणी हललं नाही. तीन मिनिटं आम्ही तिघं एका वाटीकडे पाहत होतो. बाईंनी वही उघडली, लिहिलं "शांत", आणि नुसतं मुलाकडे पाहिलं. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "मानलं आई तुला." त्याने वाकून नमस्कार केला. अभिमान त्याच्याही चेहऱ्यावर होता, मी पाहिला. बाई म्हणाल्या, "अजून दोन सकाळी सलग शांत पाहिजे. मग निकाल." पण दिवसभर त्या गुणगुणत होत्या. मिस्त्रीला फोन करून म्हणाल्या, "भैया, लगता है मिल गया." मी ऑफिसात गेलो आणि त्या दिवशी माझं डोकं दुखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा उतरणार होतो. खरं सांगतो, ठरवलं होतं. पण मुलगा आईबरोबर चालायला म्हणून लवकर उठला होता आणि अंगणात उभा राहून दात घासत होता. मी वरच थांबलो आणि सहाला सगळ्यांसोबत खाली आलो, बायको कालसारखीच गॅलरीत. सहाला बाईंनी चावी फिरवली आणि गाडीने अशी आदळआपट केली की वाटी डॅशबोर्डवरून खाली पडली. मग गाडी बंद पडली.

बाई गाडीतून उतरल्या, वही बॉनेटवर ठेवून कालचं पान उघडलं आणि उभ्या राहिल्या. मी त्यांना विचार करताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण इतक्या जवळून नाही. फार वेळ लागला नाही त्यांना. तापमान सारखं, केबल तीच, पेट्रोल तेच. एका सकाळी शांत, दुसऱ्या सकाळी आदळआपट. दोन सकाळींत फरक एकाच गोष्टीचा असू शकतो.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, काल सकाळी माझ्याआधी गाडी तुम्ही सुरू केली होती?"

एका मिनिटात पोचल्या होत्या. पंचाहत्तरीत, थंडीत, मुलासमोर हरताना. त्यांच्या पूर्ण पद्धतीत एकच गोष्ट न तपासता धरलेली होती, की घरातलं माणूस गाडीला हात लावणार नाही, आणि गरज पडताच त्यांनी तीही तपासायला घेतली. आजही हे आठवलं की आधी मान अभिमानाने वर होते आणि मग खाली जाते.

मी म्हणालो, "नाही बाई."

का म्हणालो? नऊ वर्षं मी स्वतःला वेगवेगळी कारणं सांगून पाहिली. हो म्हटलं असतं तर मुलासमोर त्यांचा कालचा आनंद माझी भीक ठरला असता, हे एक. हे कारण ऐकायला बरं आहे. खरं कारण ते पाणी. गाडी सुरू केली हे सांगता आलं असतं. "आणि मग दव दिसावं म्हणून पाणी शिंपडलं," हे सांगायला तोंड उघडत नव्हतं, आणि बाई पुढचा प्रश्न तोच विचारणार हे मला माहीत होतं.

बाईंनी माझा शब्द घेतला. मी आणलेल्या भाजीचं वजन त्या कधी करायच्या नाहीत, तसाच हाही त्यांनी घेतला. म्हणाल्या, "अच्छा. मग एकच उरलं. काल मी पाहिलं ते चुकीचं पाहिलं." मुलगा घाईने म्हणाला, "आई, जाऊ दे ना, होतं असं." त्या म्हणाल्या, "नाही. असं माझ्याकडून होत नाही. आणि झालं, तर मी काय बोलले होते ते तुला आठवतं." स्वेटरच्या खिशातून लाल पेन काढलं, कालच्या "शांत"वर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "नोंद चूक." पस्तीस वर्षं मुलींच्या वह्यांवर चाललेलं ते पेन त्यांनी पहिल्यांदा स्वतःवर चालवलं असावं. मी तिथेच उभा होतो. मला अजून एक मिनिट मिळालं होतं, मग अजून एक. संक्रांतीपर्यंत रोज मिळत होतं. संक्रांत झाली आणि त्या पुण्याला गेल्या.

जाताना गाडी मला देऊन गेल्या. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "तुम्ही सहा संध्याकाळी बॅटरी धरली. दुसऱ्या कोणाला काय कळेल? सातवा आणि आठवा बाकी आहे. एका वेळी एकच करा." वही पण दिली.

मी केलं. सातवा टॅपेटचा, मिस्त्रीकडून करून घेतला, फरक नाही. आठव्याच्या वेळी त्याला म्हणालो, भैया, एकदा सकाळी सहाला घरी या. आला बिचारा, मफलर गुंडाळून. मी बॉनेट उघडून इंजिन सुरू केलं. गाडी उड्या मारायला लागली. तो चकित होऊन पाहत राहिला आणि म्हणाला, "सात साल से इस गाड़ी को जानता हूं, मिला आज पहली बार." मग बाईंनी लिहिलं होतं तसं मी गार पाण्यात बुडवलेलं फडकं कार्बोरेटरच्या बुडाशी, जोडावर दाबलं. डॅशबोर्डवरच्या वाटीत पाणी थांबलं. फडकं काढलं, पाणी नाचायला लागलं. दाबलं, थांबलं. मिस्त्री वाटीकडे पाही, फडक्याकडे पाही. कागदासारखी एक गॅस्केट, एका बाजूला कडक होऊन उचललेली. इंजिन तापलं की धातू फुगून फट बुजायची, म्हणून रिछाईला ती कोणालाच दिसली नसती. घरी बसून बाईंनी ती आधीच लिहून ठेवली होती, प्रश्नचिन्हासकट.

तो मिस्त्री आता मोठा झाला आहे, चार माणसं कामाला आहेत. त्याच्या दुकानात भिंतीवर रंगवलंय, "सुबह की खराबी हो तो गाड़ी शाम को छोड़ें. पहला स्टार्ट हम करेंगे." गिऱ्हाईक विचारतं, ये कौन सा तरीका है. तो सांगतो, दीदी वाली जांच. रिछाईत आणखी दोन-तीन दुकानांनी ती उचलली आहे, आणि त्यांना दीदी कोण हे माहीत नाही. मी मुद्दाम तिथून जातो कधी कधी, ती पाटी वाचायला.

गाडी सुधारली त्या दिवशी मी पुण्याला फोन केला. "बाई, सापडलं."

"कितव्या नंबरवर?"

"आठव्या. चोरटी हवा."

मग म्हणाल्या, "म्हणजे यादी बरोबर होती."

"हो बाई. पूर्ण बरोबर."

"मग त्या एका सकाळी मी तसं काहून पाहिलं असेल हो?"

त्यांनी दार पूर्ण उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "इकडे थंडी फार आहे यंदा."

त्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. दिवाळीला आणि संक्रांतीला मी फोन करतो. मागच्या वेळी मुलगा फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेला आणि हळू आवाजात बोलला. म्हणाला, "तब्येत छान आहे तिची. पण आता प्रत्येक गोष्ट विचारते. गॅस बंद केला ना मी, दार लावलं ना मी, मी बरोबर पाहिलं ना. तुम्ही तिला ओळखता भाऊ, आधी ती अशी नव्हती." वय झालं की माणसं अशी होतात, हे मलाही कळतं. सगळंच माझ्या माथी आहे असं मी म्हणत नाही. पण पहिली लाल रेघ कोणामुळे पडली हे जगात फक्त मला माहीत आहे. आता तुम्हालाही.

फोनवर हे सांगायचं नाही असं मी ठरवलंय. समोर बसून सांगायचं. त्या रागावतील की हसतील, मला अंदाज नाही. कदाचित फक्त विचारतील, पाणी किती शिंपडलं आणि बॉनेट किती वेळात कोरडं झालं होतं. जे विचारतील त्याचं उत्तर देईन.

मी बाईंना एक "हो" देणं लागतो. हो बाई, त्या सकाळी तुमच्याआधी गाडी मी सुरू केली होती, तुम्ही बरोबर पाहिलं होतं, तुमची नोंद चुकली नव्हती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.